कोल्हापुरात कुणी प्लीज का म्हणत नाही?

प्रिय मनू,

काल फोनवर तू विचारलंस, ‘आई, इथं कुणीच प्लीज का म्हणत नाही? मी आजीला प्लीज पाणी दे म्हटलं, तर ती म्हणाली, मी काय परकी हाय व्हय? ही माणसं रूड आहेत का?’ नाही गं, अजिबात नाही. घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इंग्रजीत ‘गिव्ह’ हे एकच रूप. धाकट्या भावाला तेच आणि हेडमास्तरांनाही तेच. म्हणून मान दाखवायला वेगळा शब्द जोडावा लागतो. ‘प्लीज’ म्हणजे मुळात ‘इफ इट प्लीज यू’, तुमची मर्जी असेल तर. मराठीत तो मान क्रियापदातच असतो: दे, द्या, द्याल का. देवळाबाहेरची पाटीसुद्धा ‘चपला बाहेर काढाव्यात’ म्हणते. त्यात ‘जरा’ घातलं की आर्जव आलं. आणि आपल्या कोल्हापूरचा तो ‘की’! कपिलतीर्थ मार्केटात आजीजवळ उभी राहून ऐक: ‘मावशी, जरा ताजी बघून द्या की.’ त्यात विनंती आहे आणि आपलेपणाचा हक्कही. सूर चढला तर मात्र तोच ‘की’ चिडका वाटतो. ‘दे की लवकर!’ असं मोठ्यांना म्हणायचं नाही.

मला सगळ्यात आवडतं ते जेवणाच्या वेळचं. इंग्रजीत ज्याला हवं असतं तो प्लीज म्हणतो. आपल्याकडे वाढणाराच विनवतो: ‘घे की अजून एक, लाजू नको.’ तुझं पहिलं ‘नको’ कुणी खरं धरणार नाही, पांढरा रस्सा वाटीत पडणारच. खरंच पोट भरलं असेल तर वाटीवर हात आडवा धर आणि ‘बास, पोट भरलं’ म्हण. हवा असेल तर ‘येस, प्लीज’ नको, नुसतं ‘वाढ’ म्हण. आजीला फार बरं वाटेल.

मराठीतही प्लीज आहे, पण तो बहुतेक हट्टाचा. ‘आई, प्लीज प्लीज, एकच आइस्क्रीम!’ तो तुला चांगलाच येतो.

इकडे परत आल्यावर शाळेत मात्र प्लीज विसरू नकोस. तिथं तुझ्या मदतीला ‘द्या’ नसतो आणि ‘की’ही नसतो.

तुझी,
आई