सक्युलंटची (पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पतीची) छाटणी केल्यावर कापलेल्या जागेवर काही लावावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : उंच वाढून कलंडू लागलेल्या खांबासारख्या निवडुंगाचा शेंडा आणि जेड या मांसल पानांच्या झुडपाच्या दोन जाड फांद्या कापायच्या आहेत. कापलेली जागा लवकर भरून यावी म्हणून तिच्यावर मेण, नेलपॉलिश किंवा बोन्सायसाठी मिळणारी कट पेस्ट लावावी का, आणि दालचिनीची पूड लावण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो तो कितपत खरा आहे? माझे उत्तर असे की, जखमेचे तोंड बंद करणारे काहीही लावू नये. कोरडी पूड लावली तर बिघडत नाही, पण न लावल्याने अडतही नाही.

हे मी चुकून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मनगटाएवढ्या जाडीच्या दोन निवडुंगांचे शेंडे मी एकाच दिवशी कापले. एकाच्या कापावर झाडांच्या जखमांसाठी मिळणारी पेस्ट नीट थापली आणि दुसऱ्याच्या वेळी ती संपल्यामुळे तो तसाच उघडा ठेवला. उघडा काप आठवड्याभरात चामड्यासारखा कोरडा झाला. पेस्ट लावलेला काप वरून अगदी सुरेख दिसत होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तिसऱ्या आठवड्यात बोटाने दाबल्यावर पेस्टचा थर आत गेला आणि खालून आंबूस वासाचे तपकिरी पाणी आले. ते झाड वाचवण्यासाठी मला आणखी वीतभर खाली कापावे लागले. एका झाडावरून नियम काढू नये हे खरे, पण त्यानंतर या विषयात जे जे वाचले आणि करून पाहिले, त्याने त्या अनुभवाला दुजोराच मिळाला.

असे का होते हे समजण्यासाठी वनस्पतीची जखम भरते म्हणजे नेमके काय होते ते पाहावे लागेल. आपल्या त्वचेत गेलेले मांस जसे भरून येते, तसे वनस्पतीत येत नाही. वनस्पती जखमेच्या मागे एक नवी भिंत बांधते आणि उघडी पडलेली बाजू कायमची सोडून देते. सुरीने फाटलेल्या पेशी प्रथम सुकतात. त्यांच्या लगेच खालच्या जिवंत पेशी आपल्या भित्तिकांमध्ये सुबेरिन नावाचे, पाणी अडवणारे मेणचट द्रव्य साठवू लागतात. पुढे याच भागात विभाजन पावणाऱ्या पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि तो बाहेरच्या बाजूला कॉर्कच्या पेशी रचत जातो. आपण जिला खपली किंवा कॅलस म्हणतो, ती या कामाची दिसणारी बाजू. हे सर्व काम जिवंत पेशी करत असल्यामुळे त्यांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. बटाट्याच्या जखमांवर या दृष्टीने पुष्कळ अभ्यास झालेला आहे आणि प्राणवायू कमी पडला की सुबेरिनचा थर नीट बनत नाही, हे त्यात स्पष्ट झालेले आहे. निवडुंगाचे मांसल खोडही शेवटी साठवणीचेच अंग आहे. त्यावर हवाबंद थर चढवला की एकीकडे पेशींची हवा तुटते आणि दुसरीकडे पाझरलेला रस बाहेर पडू न शकल्याने साचून राहतो. अशा जागेत मऊ कुज घडवून आणणारे जीवाणू फार लवकर वाढतात.

मांसल वनस्पती ही भिंत किती भक्कम बांधू शकतात याचे सर्वांत देखणे उदाहरण अमेरिका-मेक्सिको सीमेवरील सोनोरन वाळवंटातल्या सग्वारो निवडुंगात सापडते. तेथे गिला सुतारपक्षी या प्रचंड निवडुंगाच्या खोडात घरट्यासाठी ढोली कोरतो. निवडुंग त्या ढोलीच्या आतील सर्व बाजूंना कडक, लाकडासारखे अस्तर तयार करून आपले पाणी वाचवतो, आणि हे अस्तर वाळून घट्ट होण्यास वेळ लागत असल्यामुळे पक्षी सहसा कोरल्यानंतर काही महिने थांबून मगच तेथे राहायला येतो. निवडुंग मेल्यावर त्याचे मांस कुजून जाते, पण ढोलीचे अस्तर बुटासारख्या आकारात शिल्लक राहते. त्याला तेथे सग्वारोचा बूटच म्हणतात आणि स्थानिक आदिवासी त्याचा भांड्यासारखा उपयोग करीत. ज्या गणातील झाड चोचीने पाडलेली एवढी मोठी पोकळी स्वतः बुजवते, त्याला आपल्या सुरीच्या एका सरळ कापासाठी नेलपॉलिश लागेल असे मला वाटत नाही.

मग जखम झाकण्याची ही पद्धत आली कोठून? ती मुख्यतः वृक्षांच्या छाटणीतून आली. फांदी कापल्यावर डांबर किंवा रंग फासण्याची प्रथा फार जुनी होती. अमेरिकी वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी असंख्य वृक्ष उभे चिरून आतील जखमांचा अभ्यास केला आणि वृक्ष कुजलेला भाग आतून कसा कोंडून टाकतात याची मांडणी १९७७ साली सविस्तर प्रसिद्ध केली. बाहेरून फासलेल्या लेपांमुळे कुज थांबत नाही, हेही त्या कामातून पुढे आले. बोन्सायमध्ये कट पेस्ट अजून वापरतात, पण तेथील हेतू वेगळा आहे : लाकडी खोडाच्या सालीखालचा पातळ वाढीचा थर सुकू नये आणि त्याने कडेकडेने पुढे सरकत जखम झाकावी, म्हणून ती जागा ओलसर ठेवली जाते. मांसल खोडात ओलावा आधीच गरजेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तीच पेस्ट येथे नेमके उलटे काम करते. गरम मेणाची तर आणखी एक अडचण आहे. ज्या पेशींनी भिंत बांधायची त्यांनाच ते भाजून काढते.

दालचिनीबद्दल आता. तिच्यातील सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य बुरशीला रोखते, हे खरे आहे. पण कापावर भुरभुरलेल्या चिमूटभर पुडीचा मुख्य उपयोग वरचा रस टिपून घेण्यापुरताच असतो, असे माझे मत आहे, आणि ते काम बारीक वाटलेला कोळसा किंवा गंधकाची भुकटीही तितकेच चांगले करते. गंधक बुरशीनाशक म्हणून फार पूर्वीपासून वापरात आहे, त्यामुळे दमट हवेत मोठा काप घ्यावा लागला तर मी दालचिनीपेक्षा गंधकच निवडतो. कोणतीही पूड पाण्यात किंवा मधात कालवून लेप करू नये, कारण तसे केल्यावर पुन्हा ओल्या झाकणाचाच प्रश्न उभा राहतो. तसेच मुळांवर दालचिनी टाकणे टाळावे. तिचा सुकवण्याचा गुण कोवळ्या मुळांना मानवत नाही.

लेपापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व सुरीला आणि वेळेला आहे, आणि दुर्दैवाने चर्चा नेमकी त्यांचीच कमी होते. सुरी पातळ, धारदार आणि बिनदात्यांची असावी. बोथट सुरीने किंवा करवतीने पेशी चिरडल्या जातात आणि चिरडलेला भाग कुजण्यास सोपा असतो. पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडे होऊ द्यावे आणि प्रत्येक कापानंतर हे पुन्हा करावे. छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडले तर खोड कमी फुगलेले असते आणि रस कमी पाझरतो. झाड वाढीच्या हंगामात असावे व पुढचे काही दिवस कोरडे जाण्याची शक्यता असावी. उन्हाळ्यात सुप्त राहणाऱ्या एओनियमसारख्या जाती आणि हिवाळ्यात स्तब्ध होणारे बहुतेक निवडुंग यांचा हंगाम वेगवेगळा असतो, हे विसरू नये.

कापल्यावर सर्वप्रथम आतील रंग पाहावा. निवडुंगाच्या कापाच्या मध्यभागी वाहक ऊतींचे, म्हणजे पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचे, एक कडे दिसते. ते आणि भोवतालचा गर स्वच्छ पांढरट किंवा हिरवट असला पाहिजे. त्या कड्यात तांबूस, नारिंगी किंवा तपकिरी ठिपके दिसले, तर रोग वाहिन्यांतून आत शिरलेला आहे असे समजावे आणि डाग पूर्ण नाहीसे होईपर्यंत, प्रत्येक वेळी पाते पुसत, चकती-चकतीने खाली कापत जावे. असा डाग राहिला तर वर काहीही लावून उपयोग होत नाही.

कुंडीत राहणाऱ्या बुंध्याचा काप तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही. आडवा काप घेतल्यास मधला गर सुकून खाली बसतो, कडेची कडक साल मात्र उंच राहते आणि निवडुंगाच्या डोक्यावर एक छोटी वाटीच तयार होते. काढलेल्या शेंड्याच्या बाबतीत याच्या उलट करावे : तळ सपाट कापून कंगोऱ्यांच्या कडा पेन्सिलीला टोक करावे तशा थोड्या उतरत्या तासाव्यात, कारण मुळे बहुधा मधल्या कड्याजवळून फुटतात आणि गर आक्रसल्यावर ते कडे सालीच्या आत ओढले जाते. तासलेल्या शेंड्याचे ते कडे मातीला टेकलेले राहते.

आपल्या जेडसाठी वेगळी सूचना आहे. तिच्या फांदीवर पानांच्या जुन्या जागा दाखवणारी वळी दिसतात. अगदी वळ्यावर न कापता त्याच्या थोडे वर, अर्धा ते एक सेंटिमीटर ठेवून कापावे. राहिलेले खुंट काही आठवड्यांत सुरकुतून वळ्यापर्यंत मागे वाळते आणि स्वतःहून गळून पडते किंवा हलक्या हाताने निघते. ही मागे वाळण्याची क्रिया पाहून अनेक जण घाबरतात आणि झाड कुजले असे समजून आणखी कापतात. पण वाळलेले खुंट कडक व कोरडे असते, कुजलेले मऊ व ओले. हा फरक बोटाला लगेच कळतो.

पाणी मुद्दाम लावावे अशी एकच जखम मला माहीत आहे, ती युफोर्बियाची. आपला खांबासारखा निवडुंग कापल्यावर पांढरा चीक वाहू लागला, तर तो निवडुंग नसून युफोर्बिया आहे असे समजावे. दिसण्यात या दोहोंची फार गल्लत होते. तो चीक त्वचेला जळजळ करतो आणि डोळ्यात गेल्यास गंभीर दाह होऊन काही काळ दृष्टीही जाऊ शकते. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच कापावे, आणि डोळ्यात थेंब गेलाच तर भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे. कापावर गार पाण्याचा फवारा मारला किंवा ओले फडके दाबून धरले की चीक गोठून थांबतो. त्यानंतर मात्र हीही जागा इतरांप्रमाणेच कोरडी होऊ द्यावी. गोठलेला चीक हा त्या झाडाचा स्वतःचा लेपच असतो.

अपवाद दोन सांगतो. कलम करताना दोन्ही काप ओले असतानाच, क्षणही न दवडता, वाहक कडी एकमेकांवर येतील असे जुळवून बांधावे लागतात. तेथे खपली धरू देणे म्हणजे कलम फुकट घालवणे. दुसरा अपवाद अॅडेनियमच्या (वाळवंटी गुलाबाच्या) जाड बुंध्यावरील मोठ्या कापांचा. दमट हवेत ते कुजण्याची भीती अधिक असल्याने त्यांवर बुरशीनाशकाची कोरडी भुकटी लावणे मला योग्य वाटते. त्याचाही रस विषारी असतो, तेव्हा हात धुण्यास विसरू नये. आणि झाड उघड्यावर असून पाऊस टाळता येत नसेल, तर जखमेवर झाकण घालण्याऐवजी झाडावर आडोसा करावा, म्हणजे हवा खेळती राहील.

किती दिवस थांबावे याचे माझे ठोकताळे असे आहेत : एखादे पान दोन-तीन दिवस, सेडम किंवा एचेव्हेरियाची बारीक फांदी चार-पाच दिवस, जेडची जाड फांदी आठवडा ते दहा दिवस, तीन-चार सेंटिमीटर जाडीचा निवडुंग सुमारे दोन आठवडे आणि दहा सेंटिमीटर जाडीचा असेल तर महिना ते दीड महिना. खपली कडक झाली आणि दाबल्यावर ओल लागली नाही, की ती तयार झाली. शेंडा या काळात उभा ठेवावा, कारण आडवा ठेवल्यास तो प्रकाशाकडे वाकू लागतो. मुळांवाचून इतके दिवस तो कसा जगेल याची चिंता करू नये. या वनस्पती आपली छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे त्यांचे पाणी फार हळू कमी होते.

मूळ बुंध्याला खपली धरेपर्यंत पाणी देऊ नये आणि त्यानंतर दिले तरी कापावर पडू देऊ नये. त्याला भरपूर उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवावे. छाटणीमुळे आतला जो भाग प्रथमच उघडा पडतो तो उन्हाने लवकर भाजतो. काही आठवड्यांनी कापाच्या थोडे खाली, काटे जेथून उगवतात त्या गाद्यांमधून नवे कोंब फुगताना दिसतील. सर्व कोंब ठेवले तर झाड झुडपासारखे होते, म्हणून सरळ खोड हवे असल्यास त्यांतील सर्वांत जोमदार एक राखून बाकीचे वाटाण्याएवढे असतानाच खुडून टाकावेत. एवढ्या लहान जखमा दोन दिवसांत सुकतात.