वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त कूपेची प्रतीक्षा

मागील अंकात टोयोटाची ‘जीआर८६’ आणि तिची जुळी बहीण सुबारू ‘बीआरझेड’ या दोन दारांच्या (म्हणजे कूपे), इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांविषयी आणि त्यांच्या पुढील पिढीविषयी चाललेल्या चर्चेवर टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक वर्धा, यवतमाळ, बुलढाणा आणि अमरावती जिल्ह्यांतील गावांमधून आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा) : आमच्या गावातल्या एका घरी पेट्रोलची स्कॉर्पिओ-एन आहे. तिची ताकद २०३ पीएस (अश्वशक्तीचे माप) आहे असे ते सांगतात. जीआर८६ ची ताकद २३५ पीएस. एवढ्याशा फरकासाठी जगभरातील शौकीन या गाडीचे इतके कौतुक का करतात आणि दुसरीकडे तेच लोक टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) नाही म्हणून कुरकुर का करतात?

उत्तर : ही कुरकुर नवी नाही, गाडीच्या जन्मापासूनची आहे. टोयोटाने २००९ च्या टोकियो मोटर शोमध्ये या गाडीची पहिली संकल्पना मांडली, तेव्हा चाहत्यांनी आपापल्या मनाने आकडे लावले. कोणी टर्बो जोडला, कोणी अडीचशे पीएस धरले. प्रत्यक्षात २०१२ मध्ये गाडी बाजारात आली ती २००० सीसीचे, टर्बो नसलेले, २०० पीएसचे आडव्या सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन घेऊन. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी तीन गोष्टी जाणीवपूर्वक नाकारल्या होत्या : टर्बो, चारही चाकांना ताकद आणि रुंद, रस्त्याला घट्ट धरणारे टायर. गाडीला १७ इंची टायर दिले तेही प्रियससारख्या काटकसरीच्या गाडीला मिळणाऱ्या जातीचे. स्पोर्ट्स गाडीला प्रियसचे टायर म्हणून त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. वास्तविक हेतू सरळ होता. टायरची पकड मर्यादित ठेवली की गाडी आपल्या मर्यादेपाशी कमी वेगातच पोहोचते, आणि ती तिथे कशी वागते हे सामान्य चालकालाही जीव धोक्यात न घालता समजते.

स्कॉर्पिओ-एनशी तुलना करताना पीएसचा आकडा बाजूला ठेवून वजन आणि उंची पाहावी. जीआर८६ चे वजन सुमारे १,२७० किलो आहे. स्कॉर्पिओ-एन तिच्यापेक्षा कितीतरी जड आणि उंच आहे, कारण तिचे काम वेगळे आहे. बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे पडलेले असल्यामुळे ते चेसिसमध्ये खूप खाली बसवता येते आणि पहिल्या पिढीत गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून केवळ ४६० मिलिमीटरवर आला. वजनाची विभागणी पुढे ५३ टक्के आणि मागे ४७ टक्के अशी आहे. अशी गाडी वळणात एका बाजूला फारशी झुकत नाही आणि पुढच्या टायरांना फक्त वळवण्याचेच काम करावे लागत असल्याने स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. चर्चेत हाच मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो, कारण तो कागदावरच्या तक्त्यात दिसत नाही.

टर्बोची मागणी मात्र निराधार नव्हती. पहिल्या पिढीत मिनिटाला साधारण साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान इंजिनाचा जोर मधेच ढिला पडत असे. ज्याला रोज चालवायची आहे त्याला ते खुपते, कारण पुढच्या वाहनाला मागे टाकताना पाय दाबावा आणि नेमक्या त्याच वेळी गाडीने दम टाकावा असा तो प्रकार. शिवाय २०५ न्यूटन मीटर इतका सर्वोच्च टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ६,४०० फेऱ्यांच्या पुढे जाऊन मिळत असे. दुसऱ्या पिढीत, म्हणजे २०२१ मध्ये, टोयोटा आणि सुबारूने टर्बो न लावता इंजिनच २४०० सीसीचे केले. टॉर्क २५० न्यूटन मीटर झाला आणि तो ३,७०० फेऱ्यांवरच मिळू लागला. मॅन्युअल गाडी शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग ६.३ सेकंदांत गाठते. इंजिनाच्या जोरातल्या ज्या खड्ड्याबद्दल दहा वर्षे वाद झाला तो अशा रीतीने, शौकिनांनी सुचवलेला उपाय न करता, बुजवला गेला.

आता पुढच्या पिढीबद्दल नवा वाद आहे. २०२२ मध्ये टोयोटाने जपानमधील सुपर ताइक्यू शर्यतीत जीआर८६ उतरवली तेव्हा तिच्यात बॉक्सर नव्हे, तर १४०० सीसीचे तीन सिलिंडरांचे टर्बो इंजिन होते आणि ते कृत्रिम, कार्बनतटस्थ इंधनावर चालत होते. पुढे मे २०२४ मध्ये टोयोटाने १.५ आणि २ लिटरची नवी चार सिलिंडरांची इंजिने जाहीर केली. त्यावरून पुढील गाडी टर्बोची होणार असे अनेकांनी गृहीत धरले आहे. मला त्यात एक अडचण दिसते. उभे इंजिन बसवले की ४६० मिलिमीटरचा तो गुरुत्वमध्य वर सरकणार. टर्बो हवा म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे लोक याचा हिशेब करतात. मला निवड करावी लागली, तर मी ताकद कमी स्वीकारून बॉक्सरच घेईन.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ) : वडील म्हणतात, मागच्या चाकांची गाडी पावसात दगा देते. आमची रिकामी पिकअप खरोखरच मागून सरकते. मग अशी स्पोर्ट्स गाडी आपल्या भागात चालवणे धोक्याचे नाही का?

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडे मागच्या चाकांची गाडी ही परदेशी नवलाई नाहीच. ॲम्बॅसडर, ओम्नी, बोलेरो, ईको या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि गावातल्या निम्म्या चालकांनी यांतल्याच एखादीवर स्टिअरिंग धरायला शिकलेले असते. पुढची चाके ओढणारी मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, तोपर्यंत आपल्या रस्त्यांवरच्या जवळपास सर्वच गाड्या मागून ढकलल्या जात होत्या.

पिकअप सरकते त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. ती हजार किलोपेक्षा जास्त माल वाहण्यासाठी बनवलेली असते. हौदा रिकामा असला की इंजिन, केबिन आणि चालक यांचे वजन पुढे राहते, मागच्या टायरांवर वजनच नसते आणि मागच्या स्प्रिंगच्या कडक पाट्या रस्त्यावर उसळत राहतात. त्यातच वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेली असते, आणि पहिल्या पावसात तिचे पातळ गाऱ्यात रूपांतर होते. अशा जागी चालकाने दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग बाजूला निघतो. हीच पिकअप सरकीची पोती भरून परत येते तेव्हा त्याच वळणावर शांतपणे निघून जाते, हे आपण पाहिलेच असेल.

कूपेमध्ये वजन जवळपास समान वाटलेले आहे, मागच्या चाकांना मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारी जोडणी) आहे आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आहे. त्यामुळे ती पिकअपइतकी बेभरवशाची नाही, परंतु गाऱ्यावर कोणतेच टायर जादू करत नाहीत. मागचा भाग निघाला, तर ब्रेक एकदम दाबू नये. ॲक्सिलरेटर हळुवारपणे सोडावा आणि शेपटी ज्या बाजूला जाते त्या बाजूला स्टिअरिंग वळवावे. गुळगुळीत टायर बदलण्याचा आळस या गाडीत सर्वांत महाग पडतो.

प्रश्न (मेहकर, जि. बुलढाणा) : ही गाडी भारतात आली, तर किंमत किती असेल? थांबावे का?

उत्तर : अमेरिकेत २०२२ ची जीआर८६ २७,७०० डॉलरपासून विकली जाऊ लागली. हिशेबासाठी ३०,००० डॉलर, म्हणजे सुमारे २६ लाख रुपये धरू. ४०,००० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या पूर्ण तयार आयात गाडीवरील सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्के झाले; त्या दराने किंमत ४४ लाखांवर जाते. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना लागू असलेला ४० टक्के जीएसटी लावला, तर ६२ लाख. नोंदणी कर आणि विमा धरून आकडा सत्तर लाखांच्या पलीकडे जातो. जपानमध्ये जी गाडी पहिल्या पिढीत २० लाख येनच्या आतून सुरू झाली आणि जिची सगळी प्रतिष्ठा परवडण्यावर उभी आहे, ती येथे येताच परवडण्याचा प्रश्नच संपतो. तरीही एक दार उघडे आहे : २०१८ मध्ये सरकारने उत्पादकांना वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या येथील स्वतंत्र प्रमाणीकरणाशिवाय आणण्याची मुभा दिली, आणि जपानी गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या असतातच.

थांबण्याविषयी मात्र मी सावध राहीन. २०१३ मध्ये निसानने ‘आयडीएक्स’ आणि २०१५ मध्ये टोयोटाने चार मीटरपेक्षा लहान ‘एस-एफआर’ या मागच्या चाकांच्या स्वस्त कूपे दाखवल्या. दोन्हींवर शौकिनांनी मन भरून चर्चा केली, आणि दोन्ही विक्रीला आल्याच नाहीत. युरोपात जीआर८६ ची विक्री सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे २०२४ मध्ये थांबली, कारण कमी खपणाऱ्या गाडीत त्या नियमांसाठी लागणारी यंत्रणा बसवण्याचा खर्च निघत नव्हता. शेतीचा पैसा सवडीने येतो. तो अशा घोषणेच्या भरवशावर अडकवून ठेवू नये. कर्ज काढून तर मुळीच नको.

प्रश्न (परतवाडा, जि. अमरावती) : चिखलदऱ्याच्या घाटासाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

उत्तर : मॅन्युअल. उतारावर खालचा गिअर धरून इंजिनाने गाडी रोखता येते आणि ब्रेक तापत नाहीत. मेळघाटातले प्राणी रस्त्यावर येतात, त्यामुळे या घाटात वेगाची हौस भागवू नये.

प्रश्न (मालेगाव, जि. वाशिम) : गावातल्या गतिरोधकावरून गाडी निघेल का? आणि समृद्धीवर ती किती पळेल?

उत्तर : समृद्धी महामार्गावर मोटारींची मर्यादा १२० किलोमीटर आहे, आणि जीआर८६ तेथे आपल्या क्षमतेच्या बरीच खाली राहील. खरी कसोटी महामार्ग सोडून फाट्यावर उतरल्यावर लागते. गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे १३० मिलिमीटर उंच आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकातला गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो; त्यावरून गाडी आरामात जाते. परंतु शाळेसमोर किंवा सरपंचांच्या घरासमोर गावकऱ्यांनी एका रात्रीत घातलेला, वीतभर उंच आणि हातभर रुंद असा सिमेंटचा उंचवटा तिला पुढून नाही तर पोटाखाली घासेलच. घेण्याआधी आपल्या वाटेवरचे उंचवटे पट्टीने मोजून पाहावेत. पांदण रस्ता आणि पावसाळ्यातला रपटा यांचा तर विचारही करू नये.

प्रश्न (तिवसा, जि. अमरावती) : मागच्या सीटवर आजी बसू शकतील का?

उत्तर : नाही. दोन दारे, वाकून आत शिरावे लागते आणि पायांना जागा नाही. त्यांना पुढे बसवावे, आणि सीट फार खाली असल्याने उतरताना हात द्यावा. मागची सीट पाडल्यावर मात्र टायर बसवलेली चार चाके मावावीत अशी सोय शर्यतीला जाणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेली आहे. घरच्या बियाण्याच्या चार पिशव्या तेथे सहज मावतील.