आधी सरकार पडतं कसं ते बघ

तुलनात्मक राजकारण शिकायला घेतलंयस, तर व्याख्या पाठ करत बसू नकोस. राज्यसंस्था आणि सरकार यांतला फरक तेवढा पक्का कर: सरकारं येतात-जातात, राज्यसंस्था टिकते. मग दोनच देश घे आणि एकच प्रश्न विचार. सरकारच्या प्रमुखाला हटवायचं कसं?

आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. पाडायला सगळे एकत्र आले, पण पर्यायी सरकार कुणालाच जमवता आलं नाही. लोकसभा विसर्जित, पुन्हा निवडणुका. जर्मनीने वायमार काळात, म्हणजे दोन महायुद्धांमधल्या प्रजासत्ताकात, हे सारखं भोगलं होतं, म्हणून तिथल्या राज्यघटनेच्या कलम ६७ नुसार अविश्वास दाखवायचा तर त्याच वेळी नवा चान्सेलर (तिथला सरकारप्रमुख) निवडावाच लागतो. १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते असेच.

दोन्ही पद्धती संसदीयच, आणि म्हणूनच ही जोडी मला सुरुवातीला फार मोलाची वाटते. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत त्यानंतर घे. तिथे नुसतं बहुमत विरोधात गेलं म्हणून अध्यक्ष जात नाही, त्यासाठी महाभियोगच लागतो.