गोगलगायी सोडण्याआधी अंगणाचा उतार बघा

तुमचा प्रश्न असा, की बागेत सिमेंटचं लहानसं तळं बांधलंय, पाणी हिरवं होतं, भिंतींवर शेवाळ धरतं, तर गोगलगायी सोडून भागेल का आणि सोडायच्या तर किती. त्याखाली एकांनी लिहिलंय, "दहा-बारा सोडा आणि विसरून जा." हे वाचलं आणि मी लिहायला बसले. अगदी हेच वाक्य मी आमच्या ओटीवर ऐकलंय. म्हणणारे विसरूनही गेले, निस्तरलं मी.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. मी २७ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. मिरवायला सांगत नाही, पुढे त्याचा संबंध आहे.

विहिरीवर पंप बसला, जुन्या डोणीचं काम संपलं, तेव्हा अंगणाच्या कडेला चिऱ्याचा हौद बांधायचं ठरलं. आठ फूट बाय पाच, खोली अडीच फूट, म्हणजे साधारण २,८०० लिटर पाणी. आखणी धाकट्या भावोजींची. ते ठाण्याला असतात, सिव्हिल इंजिनियर आहेत. गणपतीला आणि मे महिन्यात येतात आणि आले की घरातली एक तरी गोष्ट जागची हलवून जातात. त्यांनी अख्ख्या अंगणाला हौदाच्या बाजूने उतार दिला. पावसाचं पाणी वाया कशाला घालवायचं, हा त्यांचा मुद्दा. मी तेव्हाच म्हटलं, "भावोजी, हे अंगण शेणाने सारवलेलं असतं. पहिल्या पावसात ते सगळं हौदात उतरेल." ते हसले. "वहिनी, तेवढंच खत. तुमची कमळं फुलतील."

फुलली ना. (कमळं नव्हेत, कुमुदं, पण ते जाऊ दे.) आणि त्यांच्या आधी शेवाळ फुललं. मार्चपर्यंत पाणी पालक उकडलेल्या पाण्यासारखं. आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे त्यात आहेत की नाहीत तेही दिसेना.

दुसऱ्या वर्षी गणपतीत भावोजींनी भातखाचरातून बादली भरून गोगलगायी आणल्या. चोवीस, मी मोजल्या. त्या मोठ्या, गोल, तपकिरी, तोंडाला झाकण असलेल्या. बारावी सायन्सवाल्यांना हिचं नाव आठवेल, पायला. मी म्हटलं, ही शेवाळ खरवडणारी जात नव्हे, ही पानं खाणारी आहे, आपली कुमुदं राहणार नाहीत. तर आरतीला जमलेल्या पंधरा माणसांसमोर भावोजी म्हणाले, "वहिनी पुस्तकातलं बोलतात, मी पाण्यातलं बोलतोय." सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

पुढे पंधरा दिवस पाणी नितळ. भावोजींनी ठाण्याहून फोन करून तीनदा विचारलं, आणि तीनदा "बघा" म्हणाले. आता भाद्रपदात आमच्याकडे पाऊस किती असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हौद दिवसाआड ओसंडून वाहत होता. शेवाळाला धरायला उसंत नव्हती आणि आभाळ भरलेलं म्हणून ऊनही नव्हतं. त्या काळात हौदात चोवीस गोट्या टाकल्या असत्या तरी पाणी नितळच दिसलं असतं. पण श्रेय गोगलगायींना मिळालं.

दसऱ्यापर्यंत कुमुदाच्या पानांची चाळण झाली. कोवळं पान पाण्यावर यायच्या आधीच कुरतडलेलं असे. डिसेंबरात पाण्यावर एक पान उरलं नाही. सावली गेली, ऊन थेट तळाशी. आणि पानं खाऊन चोवीस जणींनी जे टाकलं ते त्याच पाण्यात. फेब्रुवारीत पाणी आदल्या वर्षीपेक्षा हिरवं झालं.

हे माझ्याच हौदात झालं असं नाही. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय १९८० च्या आसपास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली. तिथून ती आशियाभर भातशेतीत घुसली. थायलंडच्या पाणथळ जागांमध्ये संशोधकांना हेच दिसलं, की तिने पाणवनस्पती फस्त केल्या आणि नितळ पाणी हिरवं गढूळ झालं. आमच्या पायलाची ती लांबची बहीणच.

साधा हिशोब आहे. शेवाळ वाढतं नत्रावर, स्फुरदावर आणि उन्हावर. गोगलगायीने शेवाळ खाल्लं तरी त्यातला मोठा भाग विष्ठेतून पाण्यात परत येतो. हौदातून बाहेर काहीच गेलं नाही, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात. शिवाय पाणी हिरवं करतं ते तरंगणारं, एकपेशी शेवाळ. गोगलगाय जिभेवरच्या कानशीने पृष्ठभाग खरवडते. तरंगणाऱ्या पेशींपुढे ती कानस काय करणार? आणि केसांसारखं लांब, गुंतवळ होणारं शेवाळ असतं, त्याकडे बहुतेक गोगलगायी ढुंकून बघत नाहीत. उरला भिंतीवरचा पातळ बुळबुळीत थर. तेवढा खातात. तेवढाच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा विषय सोडून दिला असता. मार्चमध्ये भावोजींचा फोन आला, मला नाही, आमच्या गड्याला. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फवारतो, त्याचं मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घरात होतंच. "फडक्यात पुरचुंडी बांध आणि हौदात दोन फेऱ्या मार." मी चिपळूणला लग्नाला गेले होते. संध्याकाळी आले तर गप्पी पोट वर करून तरंगत होते, आणि गोगलगायी दारं लावून तळाशी. तिसऱ्या दिवशी त्या कुजून शंखातून सुटल्या. मेलेल्या गोगलगायीचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. शेजारच्या आजी विचारायला आल्या, कुठे काही मेलंय का.

आमचं पाणी जांभ्यातलं, मऊ. त्यात चुना कमी. मऊ पाण्यात मोरचुदाचा विषार जास्त चढतो. कडक पाण्यात जी मात्रा एखाद्या वेळी निभून जाते, ती इथे सगळं साफ करते. वर शेवाळ मेलं तेही तिथेच कुजलं आणि पाण्यात होता नव्हता तो प्राणवायूही खाऊन गेलं. तीन आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं. तांबं मात्र गाळात राहिलं. तो गाळ मी माडांना घातला नाही, लांब खड्डा काढून पुरला.

शंख मोजले तर सतरा. बाकीच्या सात कुठे? पायलाला कल्लाही असतो आणि फुप्फुसही, रात्री ती सरळ चालायला लागते. काही आधीच निघून गेल्या असणार. मेमध्ये शेवंतीच्या कुंडीतल्या मातीत दोन सापडल्या, दार घट्ट लावून झोपलेल्या. पाण्यात टाकल्या तर अर्ध्या तासात शिंगं बाहेर. एक भारद्वाज तर महिनाभर हौदाच्या काठी पाळीवर असल्यासारखा येत होता, त्याने काही उचलल्या असतील. आणि हौदालगतच्या ओल्या मातीत एका बिळात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी अंडी, दोनेकशे तरी. म्हण तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

मग पाणी नितळ कशाने झालं? त्या जूनच्या आधी मी गवंड्याला बोलावून हौदाच्या अंगणाकडच्या कडेला चिऱ्यांची एक ओळ लावून घेतली. नऊ इंच उंची. अंगणातलं पाणी आता वळसा घेऊन माडांकडे जातं. हौद पूर्ण उपसून गाळ काढला, कुमुदाचे नवे कंद लावले, पान दोन तृतीयांश पाणी झाकेल इतकं वाढू दिलं. माशांना खाणं घालणं बंद, डास आणि डासांच्या अळ्या त्यांना पुरतात. गुंतवळ शेवाळ आलं की बांबूच्या काठीवर शेवया गुंडाळाव्या तसं गुंडाळून बाहेर काढते आणि माडाच्या आळ्यात टाकते. असं काढलेलं शेवाळ खरोखर हौदातून जातं, गोगलगायीच्या पोटात गेलेलं जात नाही. पुढच्या मार्चला तळाची फरशी दिसत होती.

मेमध्ये भावोजी आले, हौदात वाकून बघितलं, आणि म्हणाले, "गोगलगायींचा परिणाम दिसायला दोन वर्षं लागतात."

आता तुमच्या "किती सोडू"बद्दल. भिंतीवरचा थरच तुम्हाला खुपत असेल तर लहान, चपट्या, चकलीसारख्या वेटोळ्याच्या गोगलगायी चालतील. त्या विकत आणू नका, रोपवाटिकेतून आणलेल्या कुमुदाच्या मुळांना चिकटून त्या न बोलावता येतात. तुम्ही दोन सोडा नाहीतर वीस, खाणं असेल तेवढीच त्यांची संख्या होते. आमच्याकडे आहेत, आणि हौदाच्या भिंती स्वच्छ आहेत हे मला कबूल करायला हवं. म्हणजे भावोजींचं अगदीच खोटं नव्हतं. जात चुकीची होती, एवढंच म्हणते. आणि उतार.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. घरी गुरं असतील तर या चकलीवाल्यांना हौदात ठेवून तेच पाणी गुरांना पाजू नका. हिच्या अंगात वाढणारे कृमी पाण्यात उतरतात आणि गुरांच्या कातडीतून आत शिरतात. त्यातल्या एका जातीने नाकात गाठी होऊन जनावर घोरायला लागतं. यकृतातल्या चपट्या कृमीची गोगलगाय वेगळी, टोकदार शंखाची, पण तीही असल्याच पाण्यात असते. माणसाचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यातलं गिमवी गाव वैद्यकाच्या पुस्तकात आहे. लघवीतून रक्त जाण्याचा आजार तिथे १९५२ च्या सुमारास नोंदला गेला, आणि बोट ठेवलं गेलं ते फेरिसिया नावाच्या करंगळीच्या नखाहूनही लहान गोगलगायीवर. घाबरून तळं बुजवू नका. गोगलगायी हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि नातवंडांना त्यात डुंबू देऊ नका, बास.

दुकानातली पिवळीधमक गोगलगाय, पाण्याच्या वर गुलाबी अंड्यांचे घोस चिकटवणारी, बाहेरच्या तळ्यात नकोच. ती त्या तैवानवालीच्या घराण्यातली, आणि पावसाळ्यात तुमचा हौद वाहून कुठल्या ओढ्याला मिळतो हे तुम्हाला सांगता येणार नाही. आणि कोणी बागेतली शंखी गोगलगाय पाण्यात टाका म्हणालं तर त्याला घरी पाठवा. ती जमिनीवरची, पाण्यात बुडून मरते. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं शंखी गोगलगायींनीच खाल्ली.

तुमचं पाणी बोअरचं कडक असेल तर शंख चांगले राहतील. आमच्यासारखं मऊ असेल तर टोकाकडून पांढरे खड्डे पडतात. अंड्याची टरफलं चुरून टाकली की थोडा फरक पडतो.

आकडा तरीही हवाच असेल तर आधी तळ्याचा एक फोटो टाका. तळ्याचा जवळून नको. जरा मागे जाऊन, सगळं अंगण दिसेल आणि पाणी कुठून उतरतं ते कळेल असा.