पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या कोळसागावात पहिलं घर घेताना
शेनान्डोआ, महानॉय सिटीकडे घर बघताय, छानच! तिथे पहिलं घर खरंच आवाक्यात येतं. फक्त किंमत बघून लगेच सही करू नका.

आधी जमीन. खाली अँथ्रासाइटच्या (कठीण दगडी कोळशाच्या) जुन्या खाणी आहेत आणि नेहमीच्या घरविम्यात खाणीमुळे जमीन खचली तर भरपाई मिळत नाही. त्यासाठी राज्य सरकारचा वेगळा विमा १९६१ पासून आहे. तो घ्याच.

बरीच घरं भिंतीला भिंत लावून आहेत. नवखे आपलं घर तपासतात आणि शेजारचं विसरतात. ते रिकामं असेल, छप्पर गळत असेल, तर ओल तुमच्याच भिंतीत उतरते.

शिवाय बघा:
- तळघरातले तडे
- हीटिंग कशावर चालतं (काही ठिकाणी अजून कोळसाच)
- घरावर शाळांसाठी लागणारा वेगळा कर

नूतनीकरणाचं नंतर बोलू. आधी एकदा भर हिवाळ्यात तिथे राहून या.