एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) दोन खेळाडूंनी मिळून केलेला सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला (मुख्य पास टाकणाऱ्याला) पाडणं, कोणाच्या नावावर जातो? आणि टॅकलचे (चेंडू घेतलेल्याला पाडण्याचे) आकडे जुळत का नाहीत?

सॅक दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, प्रत्येकी 0.5. टॅकलचं तसं नाही, आणि घोळ तिथेच होतो.

सॅकपासून सुरुवात करू. नोंद करणारा आधी प्लेचा प्रकार ठरवतो, श्रेय कोणाला द्यायचं ते नंतर. क्वार्टरबॅक पास टाकायला मागे गेला होता आणि स्क्रिमेज रेषेवर (प्ले सुरू होतो ती रेषा) किंवा तिच्या मागे अडवला गेला, तर सॅक. अगदी रेषेवरच पडला, नुकसान शून्य यार्ड, तरी सॅकच. पण तो प्ले मुळात त्याने स्वतः पळण्यासाठीच आखलेला असेल, तर मागे पाडलं तरी ते फक्त टॅकल फॉर लॉस.

समजा चेंडू 30 यार्डांच्या रेषेवर होता आणि क्वार्टरबॅक 23 वर पडला. हे 7 यार्ड एनएफएलमध्ये संघाच्या पासिंगमधून वजा होतात, क्वार्टरबॅकच्या वैयक्तिक पासिंग यार्डांना धक्का लागत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र तेच 7 यार्ड त्याच्या रशिंगमध्ये (पळून मिळवलेल्या यार्डांत) उणे धरतात. म्हणून कॉलेजच्या चांगल्या पळणाऱ्या क्वार्टरबॅकचे रशिंग आकडेही कधीकधी केविलवाणे दिसतात.

धडकेत चेंडू सुटला तर सॅकसोबत फोर्स्ड फंबलही मिळतो. चेंडू ताब्यात घेणाऱ्याला रिकव्हरी. पण पास टाकताना हात पुढे येत होता असं रिप्लेत दिसलं, तर तो अपूर्ण पास ठरतो आणि सॅक, फंबल, रिकव्हरी तिन्ही पुसले जातात. पलीकडच्या टोकाला कॉर्नरबॅकने (पास झेलणाऱ्याला रोखणारा बचावपटू) होल्डिंग केलं, म्हणजे समोरच्याला बेकायदा धरून ठेवलं, आणि पेनल्टी स्वीकारली गेली, तरी इकडचा सॅक गेलाच.

आता टॅकल. एकट्याने पाडलं तर सोलो, मदत केली तर असिस्ट. 'कंबाइन्ड'मध्ये असिस्टही पूर्ण एक धरतात, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची बेरीज प्रत्यक्ष टॅकलपेक्षा जास्त भरते. शिवाय ढिगाऱ्यात कोणाचा हात होता हे यजमान मैदानावरचे नोंद करणारे डोळ्यांनी ठरवतात. काही जण असिस्ट सढळ हाताने देतात. दोन खेळाडूंची तुलना करायची तर मी सोलोच बघेन. सॅक 1982 पासून अधिकृत आकडा आहे. टॅकलला एनएफएलमध्ये तेवढं वजन कधीच मिळालं नाही.

इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणं) करणाऱ्याला पास डिफेन्स्डही (पास अडवल्याची नोंद) मिळतो, दोन्ही रकान्यांत एक-एक. परतीचे यार्ड चेंडू पकडला तिथून मोजतात, एंड झोनमध्ये (गोल रेषेपलीकडच्या भागात) पकडला असेल तरी तिथूनच.

स्वतः पडताळायचं असेल तर सामन्याचं अधिकृत गेमबुक (प्रत्येक प्लेची नोंद असलेला अहवाल) उघडा. पळण्याच्या प्लेनंतर साध्या कंसात टॅकल करणारा असतो, अपूर्ण पासनंतर पास अडवणारा, आणि चौकोनी कंसात क्वार्टरबॅकला धडकणारा. फॅन्टसी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मिळणारा खेळ) खेळत असाल तर सोमवारच्या रात्रीचे गुण पक्के धरू नका. चित्रफीत पुन्हा तपासून त्या आठवड्यात दुरुस्त्या होतात आणि अर्धा सॅक इकडचा तिकडे जातो.