आधी एकाच डोहातले मासे घे, जेलचं नंतर

सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर मिळालेले दोन तऱ्हेचे बारके पुंटियस (कार्प कुळातले छोटे मासे), दिसायला सख्खे भाऊ, फक्त शेपटीजवळचा ठिपका जरा वेगळा, आणि एसडीएस-पेज (एसडीएस हा साबणासारखा पदार्थ घालून जेलमध्ये विजेनं प्रोटीनं वेगळी करायची पद्धत) करून जाती वेगळ्या ठरवता येतील का असं विचारलंयस. त्यातनं फारसं काही हाती लागणार नाही बघ. एसडीएस टाकलं की प्रोटीनचा स्वतःचा चार्ज झाकला जातो, मग सगळं नुसतं साइजवर पळतं, आणि जवळच्या जातींत साइज बहुतेक सारखीच, फरक असतो तो एखाद्या अमिनो आम्लाचा, म्हणजे चार्जचा. तुला नेटिव्ह जेल पाहिजे, म्हणजे एसडीएस न घालता चालवलेलं, आणि वर एन्झाइमचा स्टेन, म्हणजे ते एन्झाइम जिथं असेल तिथंच रंग येतो. एलडीएच, एमडीएच, पीजीएम या एन्झाइमांपासनं सुरू कर. एलडीएचला लॅक्टेट, एनएडी, एनबीटी, पीएमएस ही रसायनं घालून जेल अंधारात ३७ डिग्रीला ठेवलं की निळेजांभळे पट्टे हळूहळू वर येतात, लई भारी दिसतं ते. अंधार विसरू नको, पीएमएस उजेडात खराब होतं.

पण पट्टे किती लांब सरकलेत यापेक्षा मिश्र मासा सापडतो का ते बघ. पीजीएम एकाच साखळीचं, म्हणून संकरात आईचा एक नि बापाचा एक असे दोन पट्टे, एमडीएच दोन साखळ्यांचं, तिथं तीन, मधला दोघांचा मिळून. एकाच डोहात दोन्ही प्रकार आहेत, पट्टे वेगळे आहेत आणि भरपूर नमुने घेऊनही असा मिश्र एकही नाही, म्हणजे ते आपसात वीण करत नाहीत, मग एक लोकसही (जीनची एक जागा) खूप झाला. उलट एक प्रकार साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचा आणि दुसरा हरिपूरचा घेतलास तर मी म्हणेन लांब राहून वेगळे पडले असतील, जातच वेगळी कशावरनं?

कुणी सीओआय बारकोड (सीओआय या एका जीनच्या डीएनएवरनं जात ओळखणं) सुचवला तर तोही करच, पण तो जीन मायटोकाँड्रियातला, नुसता आईकडनं येणारा. हॅचरीत रोहू-कटल्याचा संकर होतो, त्या पिल्लाचा बारकोड सरळ आईचं नाव सांगून मोकळा.

यकृत यकृताशीच लाव, स्नायूशी नको, कार्प कुळात एलडीएचचा एक जास्तीचा जीन यकृतातच चालतो. एस्टरेज हे एन्झाइम सध्या बाजूला ठेव, वयानं नि खाण्यानं बदलतं. बाजारातला मासा तर नकोच, घाटावरच बर्फात टाकायचा. पुढं महसीर घ्यायचा विचार असेल तर त्याचे क्रोमोसोम १००, रोहूचे ५०, जीन दुप्पट असल्यानं पट्टेही जास्त दिसतात, त्याला संकर समजू नको. आणि टिश्यू काढल्यावर उरलेला मासा नंबर घालून फॉर्मॅलिनमध्ये ठेव, नाहीतर परीक्षक विचारणार हा पट्टा कुठल्या माशाचा आणि तू दाखवणार काय, जेलचा फोटो?